आधी गोळा करा, मग छापा: अनेक फाइलींतून हव्या त्या ओळी काढणारी पहिली स्क्रिप्ट

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका ठोक चादर-टॉवेलवाल्यांकडे मी काही काळ संगणकाचं काम बघत होतो. बिलबुकं होतीच, पण दुकानातले जुने दिवाणजी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, रात्री शटर ओढायच्या आधी दिवसभराच्या नोंदी नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवायचे. एका दिवसाची एक फाइल. वर्षभरात अशा तीनशेच्या वर फाइली साठल्या. मार्चअखेरीला मालक म्हणाले, "उधारी कुणाकडं किती राहिली, गावाप्रमाणं काढून दे."

मी अर्ध्या तासात स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची छोटी फाइल, लिहिली, चालवली, प्रिंटरवर कागद काढला आणि ऐटीत नेऊन दिला. मालकांनी चार पानं उलटली.

"काय बे, नुसत्या तारखाच छापल्यास की! उधारी कुठाय?"

खरंच, प्रत्येक फाइल उघडली की तिचं नाव छापायचं आणि मग आत उधारी सापडली तर ती ओळ छापायची, असं मी लिहिलं होतं. बहुतेक दिवशी उधारी नव्हतीच. त्यामुळे पानभर तारखा आणि मधूनच एखादी ओळ. गावाप्रमाणे लावणं तर दूरच, कारण जे छापून झालं ते झालं, ते मागे घेऊन परत लावता येत नाही.

पहिल्यांदाच स्क्रिप्ट लिहिणाऱ्या बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. म्हणून हे काम पायरीपायरीने सांगतो. उदाहरण पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं घेतलंय, शेवटाकडे ग्रेप आणि ऑक या लिनक्सवरच्या दोन साधनांबद्दलही थोडं आहे. एक आधीच सांगतो: खालचे मसुदे मी मुद्दाम मराठीत लिहिलेत. पायथनचे शब्द, म्हणजे फॉर, ओपन, इफ, प्रिंट वगैरे, तुम्ही इंग्रजीत टाइप करायचे. तयार कोड चिकटवला की तो चालतो आणि आपण तो विसरतो. मी शिकवताना फळ्यावरही आधी असंच लिहितो.

आधी चार फाइली घ्या

तीनशे फाइलींवर थेट उडी मारू नका. नवं फोल्डर करा आणि त्यात चारच फाइली ठेवा. त्यांतलं उत्तर तुम्हाला बोटांवर मोजता आलं पाहिजे. या घ्या:

```
२०२५-०३-०३
बार्शी | जेकार्ड चादर | २० | ७००० | उधार
लातूर | टर्किश टॉवेल | ५० | ६५०० | रोख

२०२५-०३-०४
पंढरपूर | नॅपकिन | १०० | २५०० | उधार

२०२५-०३-०५
लातूर | जेकार्ड चादर | १० | ३५०० | रोख

२०२५-०३-०६
बार्शी | टर्किश टॉवेल | ३० | ३९०० | उधार
बार्शी | उधारी जमा | - | ५००० | रोख
```

वरची तारीख हे फाइलचं नाव आहे, ती आतली ओळ नाही. तारीख वर्षापासून सुरू होते आणि महिना-दिवस दोन आकडीच असतो, हे नीट बघून ठेवा. संगणक नावं अक्षरांप्रमाणे लावतो, त्यामुळे '१०' हे '२' च्या आधी येतं. '०२' लिहिलंत की प्रश्न मिटला. अण्णा सुरुवातीला '३ मार्च' अशी नावं द्यायचे. ती सगळी बदलायला माझा एक रविवार गेला.

गोळा करायची जागा लूपच्या बाहेर

```
जमा = रिकामी लिस्ट
फाइली = फोल्डरमधल्या सगळ्या रोजच्या फाइली, नावाच्या क्रमाने
फाइलींतली एकेक फाइल घे:
    फाइल उघड, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८
    एकेक ओळ घे, मोजणी १ पासून:
        ओळ आपल्याला हवी ती असेल तर:
            जमा मध्ये जोड: फाइलचं नाव, ओळ क्रमांक, ओळ
जमा रिकामी असेल तर:
    छाप: एकही नोंद सापडली नाही
नाहीतर:
    छाप: किती नोंदी सापडल्या
    जमा मधली एकेक नोंद घे:
        छाप: नोंद
```

पहिली ओळ 'जमा' रिकामी करते आणि ती लूपच्या, म्हणजे 'एकेक फाइल घे' या फेऱ्यांच्या, आधी आहे. हीच ओळ चुकून आत, 'एकेक फाइल घे' च्या खाली गेली, तर प्रत्येक फाइलला लिस्ट नव्याने रिकामी होते आणि शेवटी हातात फक्त शेवटच्या फाइलीतलं उरतं. स्क्रिप्ट काही तक्रार करत नाही, नुसतं उत्तर चुकतं. आमच्या चार फाइलींत सहा तारखेच्याच नोंदी दिसल्या, तर दुसरीकडे शोधू नका, ही ओळ कुठे आहे ते बघा.

याचीच धाकटी बहीण म्हणजे जोडण्याऐवजी बरोबरचं चिन्ह लिहिणं. 'जमा = ओळ' म्हटलं की आधीचं पुसलं जातं. जोडायचं तर अपेंड वापरायचं. 'जमा' हे नाव देवनागरीतच लिहिलंत तरी चालतं. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ठेवायच्या जागांची, नावं देवनागरीत ठेवता येतात. मी स्वतः कामाच्या स्क्रिप्टमध्ये तसं करत नाही, सारखा कीबोर्ड बदलावा लागतो. पण शिकताना करून बघा, मजा येते.

नुसती ओळ न साठवता फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकही बरोबर ठेवायचा. उद्या बार्शीवाले फोनवर म्हणतात, "एवढा माल आम्ही घेतलाच नाही," तेव्हा अण्णा विचारणार, "कुठल्या तारखेचं बिल?" नुसती ओळ साठवली असेल तर परत तीनशे फाइली धुंडाळायच्या. ओळ मोजायला पायथनमध्ये एन्युमरेट आहे. ते शून्यापासून मोजतं, म्हणून सुरुवात १ ला करायला सांगावं लागतं.

फाइली क्रमाने घेण्याबद्दलही एक. पायथनचं ग्लॉब नावांची यादी देतं, पण क्रमाची हमी देत नाही. तुमच्या संगणकावर ती नेमकी क्रमाने आली म्हणून दुसऱ्याच्याही येईल असं नाही. तिला क्रम लावणाऱ्या सॉर्टेड मधून काढा.

सोलापुरात जेकार्डचे माग पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं आधी नक्षीच्या क्रमाने एकमेकांना शिवून साखळी करतात आणि मग माग चालू होतो. एक कार्ड चुकलं तर चादरीवरच्या मोराची मान तुटते. जोसेफ मारी जाकार यांनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४ च्या सुमारास हा माग आणला. पुढे संगणकात माहिती भरायला पंचकार्डं आली, त्यांचा वंश तिथूनच सांगतात. आपल्या अक्कलकोट रोडवर खडखडणारी ती यंत्रं म्हणजे नात्याने या स्क्रिप्टचीच पणजी.

'हवी ती ओळ' म्हणजे नेमकी कोणती

आता मसुद्यातली सगळ्यात साधी दिसणारी ओळ, 'हवी ती असेल तर'. सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला आणि तुमचाही जाणार.

मी आधी लिहिलं: ओळीत कुठेही 'उधार' ही अक्षरं आली तर घे. वरच्या चार फाइलींत अशा चार ओळी सापडतात आणि बेरीज येते १८४००. सहा तारखेची दुसरी ओळ परत बघा. बार्शीवाल्यांनी ५००० रुपये भरलेत. ती 'उधारी जमा' आहे, पण 'उधारी' मध्ये 'उधार' आहेच. खरी येणं बाकी १३४०० वजा ५०००, म्हणजे ८४०० व्हायला हवी. पाच हजारांची वसुली वजा व्हायच्या जागी मिळवली गेली म्हणून दहा हजारांचा फरक. अण्णांनी एका नजरेत पकडलं. "बार्शीवाल्यानं पैसे भरले की त्याची उधारी वाढते, असं कसं रे तुझं गणित?"

थोडं शिकलेला माणूस यावर म्हणतो, रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा साचा, वापर, शब्दाच्या दोन्ही टोकांना सीमा लाव, म्हणजे पूर्ण शब्दच जुळेल. इंग्रजीत ते चालतं, मराठीत दगा देतं. पायथनचं नेहमीचं री मॉड्यूल शब्दात अक्षरं आणि आकडे धरतं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हं त्याच्या लेखी शब्दाचा भाग नाहीत. त्यामुळे 'उधारी' मध्ये 'र' संपला आणि दीर्घ वेलांटी आली की त्याला वाटतं शब्द संपला. सीमा लावूनही 'उधारी' जुळतच राहते. हे कळेपर्यंत मी दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. मराठी मजकुरावर शब्दसीमेचं चिन्ह वापरणार असाल तर आधी अशाच एका शब्दावर तपासा.

यावर उपाय सोपा निघाला. ओळ उभ्या रेघेवर तोडायची, शेवटचा तुकडा घ्यायचा, आजूबाजूची मोकळी जागा स्ट्रिपने काढायची आणि तो 'उधार' शी तंतोतंत जुळतो का ते बघायचं. स्ट्रिप विसरू नका. ओळीच्या शेवटी न दिसणारं नव्या ओळीचं चिन्ह असतं, ते राहिलं तर काहीच जुळत नाही आणि तुम्ही एन्कोडिंगला शिव्या घालत बसता. वसुलीसाठी दुसरी अट: मालाच्या रकान्यात 'उधारी जमा' असेल तर तीही ओळ घ्यायची, पण रक्कम वजा करून.

रक्कम शेवटून दुसऱ्या रकान्यात आहे. ती शेवटूनच मोजा. मालाच्या नावात कुणी मध्येच उभी रेघ टाकली तरी शेवटचे दोन रकाने जागेवर राहतात. देवनागरी आकड्यांची काळजी नको, पायथनचं इंट '७०००' मुकाट्याने वाचतं. '७,०००' किंवा '७०००/-' मात्र वाचत नाही, तिथे चूक दाखवून थांबतं. थांबतं ते बरंच. स्वल्पविराम आधी काढून टाका, बाकी काही विचित्र आलं तर स्क्रिप्टला थांबू द्या आणि ती ओळ डोळ्यांनी बघा.

गावांची नावं

आपल्या भाषेत गावाचं नाव एका रूपात बसत नाही. 'पंढरपूर' शोधलंत तर 'पंढरपूरकर' सापडेल, पण 'पंढरपुरात' आणि 'पंढरपुरास' निसटतील, कारण तिथे दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'प' नंतर चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही उकार टाका आणि पुढे 'र' लिहा. दोन्ही रूपं जुळतात. एकटा उकार टाइप करताना स्क्रीनवर ठिपक्यांचा गोल दिसतो, त्याला घाबरू नका.

कुर्डुवाडी आणि कुर्डूवाडी तर दोन्ही लिहितात. सोलापूरच्या व्यापारात सीमेपलीकडची गावंही येतात. गुलबर्ग्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झालं आणि विजापूरचं विजयपूर. अण्णा गुलबर्गाच लिहीत, त्यांच्या रजेत बसलेला पोरगा कलबुर्गी. पार्टी तीच, खाती दोन. यासाठी एक छोटी डिक्शनरी करा, डावीकडे सापडू शकणारं रूप आणि उजवीकडे आपलं ठरलेलं नाव. गोळा करतानाच नाव बदलून साठवा, छापताना नको.

सगळ्यात चिवट म्हणजे अर्धा र. 'व्यापाऱ्याकडे' मधला तो आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. स्क्रिप्टला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलाइझ फंक्शनही हे दोन एक करत नाही. तिथे हातानेच एक रूप दुसऱ्यात बदलावं लागतं.

फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. विंडोजवर न लिहिता सोडलंत तर पायथन बहुधा तिथली जुनी पद्धत धरतं आणि मराठीचा चिवडा होतो. नोटपॅडने जुन्या फाइलींच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवलेली असू शकते. तसं असेल तर फक्त पहिल्या ओळीतलं गावाचं नाव जुळत नाही, बाकी सगळं नीट. त्यासाठी यूटीएफ-८-सिग असं एन्कोडिंग द्यायचं, ते खूण असली तरी आणि नसली तरी चालतं. जुन्या डीटीपी फाँटमधल्या फाइली असतील तर हा लेख तिथे उपयोगाचा नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता छापा

सगळं 'जमा' मध्ये आलं की उरलेलं काम सोपं. गावाप्रमाणे लावायचं? सॉर्टेडला गावाचा रकाना दाखवा. पायथनचं सॉर्टिंग स्थिर असतं, म्हणजे एकाच गावाच्या नोंदी ज्या क्रमाने गोळा झाल्या त्याच क्रमाने राहतात. आपण तारखेने गोळा केल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक गावाखाली तारखा आपोआप ओळीत. लूपमध्ये छापत बसलो असतो तर हे जमलंच नसतं.

```
येणं बाकी: ८४००, नोंदी ४

पंढरपूर: २५००
    २०२५-०३-०४, ओळ १, नॅपकिन, २५००

बार्शी: ५९००
    २०२५-०३-०३, ओळ १, जेकार्ड चादर, ७०००
    २०२५-०३-०६, ओळ १, टर्किश टॉवेल, ३९००
    २०२५-०३-०६, ओळ २, उधारी जमा, -५०००
```

बेरीज सगळ्यात वर आहे, कारण मालक पहिली ओळच वाचतात. लातूर कुठेच नाही, पाच तारीखही नाही. ज्या फाइलीत काही नाही तिने कागद खाऊ नये.

रकाने सरळ रेषेत आणायच्या फंदात मात्र पडू नका. 'बार्शी' दिसायला दोन अक्षरं, पण पायथन त्याची लांबी सहा सांगतं: ब, काना, र, हलन्त, श, वेलांटी. त्या हिशेबाने मोकळ्या जागा भरल्या की रकाने वाकडेच येतात. मध्ये टॅब टाका, फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि तिथे सरळ करा. विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटलेली दिसली तरी तिकडे लक्ष देऊ नका, निकाल फाइलमध्ये लिहून नोटपॅडमध्ये बघा.

निकालाची फाइल मात्र रोजच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. मी ठेवली होती. तेव्हा निकालात मूळ ओळी जशाच्या तशा लिहीत होतो. दुसऱ्या वेळी स्क्रिप्ट चालवली तर तिने निकालाची फाइलही रोजची समजून वाचली आणि ८४०० चे १६८०० झाले. तिसऱ्या वेळी २५२००. मालकांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला तो वेगळा. तसंच फोल्डरमध्ये कुणी एखाद्या फाइलीची नक्कल करून ठेवली असेल तर ती शोधून काढा, पण स्क्रिप्टला 'सारख्या ओळी एकदाच घे' असं सांगू नका. एकाच दिवशी एकाच गावाने तेवढाच माल दोनदा उचलणं सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत अगदी नेहमीचं आहे.

घाईच्या वेळी

एकदाच बघायचं असेल तर लिनक्सवर पायथनची गरज नाही. ग्रेप, म्हणजे जी-आर-ई-पी, १९७३ पासून हेच काम करतंय. त्याला अनेक फाइली दिल्या की प्रत्येक ओळीआधी फाइलचं नाव तो स्वतःहून लावतो, एन हा पर्याय दिला की ओळ क्रमांकही. बेरीज हवी असेल तर ऑक घ्या. त्यात मधल्या भागात साठवायचं आणि एंड नावाच्या भागात छापायचं, सगळ्या फाइली संपल्यावरच तो भाग चालतो. ऑकमध्ये ओळ क्रमांकासाठी एफएनआर वापरा, तो प्रत्येक फाइलीला १ पासून सुरू होतो. एनआर सगळ्या फाइली मिळून मोजत जातो आणि अण्णांना सांगायला निरुपयोगी.

बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आज्ञा टाइप करतो त्या शेलमध्ये, लूप लिहिणार असाल तर एक खड्डा माहीत असू द्या. ग्रेपचा निकाल पाइपने, म्हणजे उभ्या रेघेने जोडून, व्हाइल लूपला दिला आणि लूपमध्ये अ‍ॅरे भरला, तर लूप संपल्यावर अ‍ॅरे रिकामा सापडतो. पाइपच्या पुढचा लूप वेगळ्या शेलमध्ये चालतो आणि त्याच्याबरोबर भरलेलं सगळं जातं. बॅशच्या चौथ्या आवृत्तीपासून मॅपफाइल आहे, ते वापरलं की ओळी थेट अ‍ॅरेत येतात.

इतकं सगळं मेमरीत साठवणं परवडतं का, असं विचारतात. दिवसाला ६० ओळी धरल्या तरी वर्षाच्या ३६५ फाइलींत २१९०० ओळी होतात. साध्या लॅपटॉपला ते कळतही नाही. अनेक जीबीचे सर्व्हरचे लॉग असतील तर गोष्ट वेगळी, तिथे ओळी साठवू नका, गावाप्रमाणे चालू बेरीजच साठवा.

चार फाइलींवर ८४०० आले की एप्रिलची एक महिन्याची खरी फाइल-थप्पी घ्या आणि बिलबुकाशी ताडून बघा. हे काम एकट्याने करू नका. नोंदी ज्याने लिहिल्यात त्याला शेजारी बसवा. आमच्याकडे पहिल्याच पानावर अण्णांनी बोट ठेवलं, "हा 'उ.' म्हणजे पण उधारच आहे हं. घाईत असलो की मी तेवढंच लिहितो."